गिअरबॉक्स उतरवण्याआधी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या पिकअपच्या गिअरबॉक्सविषयी या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. बहुतेकांत एक वाक्य आहेच: ‘मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स खोलावा लागेल.’ कधी तो खोलावाच लागतो. पण तक्रार गिअरच्या दांडीला जाणवली म्हणून दोष पेटीच्या आतच असेल, असं नाही. म्हणून उत्तरांमध्ये आधी बाहेरून काय तपासायचं ते सांगितलं आहे. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

आमचा पिकअप जीपच्या चासीवर बांधलेला आहे, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स. गाडी उभी असताना पहिला किंवा रिव्हर्स टाकला की खर्रर्र आवाज येतो. दुसरा आणि टॉप चालत्या गाडीत नीट पडतात. मेकॅनिकच्या मते पहिल्याचे दात गेले. – नौपाडा, ठाणे

दात झिजले असतील, पण ते क्लचमुळे झिजले असण्याची शक्यता जास्त. टी-९० मध्ये सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारी पितळी रिंग, फक्त दुसऱ्याला आणि तिसऱ्याला (टॉपला) असते. पहिला आणि रिव्हर्स हे सरकत जाऊन अडकणारे गिअर. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट पूर्ण थांबला नाही, तर फिरते दात थांबलेल्या दातांवर आपटतात. वरच्या दोन गिअरमध्ये ही रिंग वेगाचा फरक सांभाळून घेते, म्हणून तिथे तुम्हाला काही जाणवत नाही.

चाचणी अशी. सपाट जागा, इंजिन गरम, आयडल नेहमीचं. क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. शांतपणे पडला तर क्लच सुटतोय. शाफ्ट आपल्या वेगाने थांबायच्या आत तुम्ही गिअर ढकलत होता, एवढंच. पाच मोजूनही खरखर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही.

मग पट्टी घेऊन पेडलचा मोकळा खेळ मोजा. जीपच्या या क्लचला तो साधारण २५ मिमी हवा. ५० मिमी भरला तर पेडलचा बराच प्रवास वाया जातोय. चाकांना ओट (अडवणीचे ठोकळे) लावा, एकाला पेडल दाबायला बसवा आणि खालून बघा: पेडल हललं पण क्लचचा फोर्क हलला नाही, अशी जागा कुठे आहे? बहुतेक वेळा जोडाच्या पिना बारीक झालेल्या असतात आणि त्यांची भोकं अंडाकृती. वागळे इस्टेटमधला कुठलाही चांगला लेथवाला ती भोकं मोठी करून बुश बसवून देईल आणि नव्या पिना घडवेल. हे न करता नुसता अॅडजस्टिंग नट आवळत नेऊ नका. खेळ शून्यावर आला की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत फिरत राहतं, क्लच घसरायला लागतो आणि महिन्याभरात दुसरंच काम निघतं.

जोड ठीक असूनही खरखर राहिली तर दोन संशयित उरतात: वाकडी झालेली क्लच प्लेट, किंवा फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) मध्यभागी असलेला पायलट बुश. हा बुश सुकून शाफ्टला धरून बसला की क्लच सुटूनही इंजिन शाफ्टला फिरवत राहतं. दोन्हींसाठी गिअरबॉक्स मागे घ्यावाच लागतो, तेव्हा एकदा घेतला की दोन्ही बघा. जुना बुश काढायला भोकात ग्रीस ठासून भरा आणि त्यात नेमकी बसेल अशी गोल सळई हातोडीने ठोका. ग्रीसच्या दाबाने बुश बाहेर येतो. नवा छिद्रयुक्त ब्राँझचा बुश असेल तर रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. ठोकून बसवल्यावर त्याचं आतलं माप थोडं आवळतं, म्हणून गिअरबॉक्स चढवण्याआधी शाफ्टचं टोक हाताने घालून बघा. हे राहिलं की अख्खं काम पुन्हा करावं लागतं.

तोवर एक उपाय आहे. उभ्या गाडीत क्लच दाबून आधी दांडी दुसऱ्याकडे हलकेच टेकवा आणि लगेच पहिला टाका. दुसऱ्याचा सिंक्रो शाफ्टला थांबवतो. याने दात वाचतील, पण बिघडलेला क्लच दुरुस्त होणार नाही.

त्याच जातीची गाडी. पारसिक हिलवरून खाली येताना, अॅक्सिलरेटर सोडला की दुसरा गिअर सुटून न्यूट्रल होतो. दांडी धरून ठेवावी लागते. – सीबीडी बेलापूर

दांडी धरून चालवणं आजपासून बंद करा. हाताचा दाब थेट पेटीतल्या गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर येतो आणि तो खाचेत घासून पातळ होतो. आणि उतारावर अचानक न्यूट्रल म्हणजे इंजिनचा रोध गेला, सगळा भार जुन्या ड्रम ब्रेकवर. हे दुरुस्त होईपर्यंत टेकडीवर गाडी नेऊ नये.

या गिअरबॉक्सची दुसऱ्यातून सुटण्याची खोड जुनी आहे, आणि कारणं सोप्यापासून अवघडाकडे या क्रमाने तपासता येतात.

पहिलं, दांडी फ्लोअरच्या भोकाला किंवा रबरी बुटाला टेकते का? बॉडी दुरुस्तीत केबिन अर्धा इंच सरकली की दांडी अडते आणि गिअर पूर्ण आत जात नाही. बूट काढून तपासा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं, फाउंडेशनची, म्हणजे पेटी ज्यांवर टेकते ती रबरं. मागचं क्रॉसमेंबरवरचं (चासीच्या आडव्या पट्टीवरचं) रबर तेलाने फुगून मऊ झालं असेल, तर अॅक्सिलरेटर सोडताना पूर्ण पेटी उचलली जाते, दांडी मात्र तुमच्या हातात तिथेच राहते. एकाला हँडब्रेक ओढून क्लच अर्धवट सोडायला सांगा आणि लांबून पेटी किती हलते ते पाहा. गाडीसमोर कोणी उभं राहू नये.

तिसरं, वरच्या कव्हरमधल्या स्प्रिंग आणि गोळ्या. दांडीचा रेल जागेवर धरून ठेवायचं काम त्यांचं. स्प्रिंग दमली किंवा तुटली की गिअर पडताना ‘टक’ जाणवत नाही. कव्हर काढताना गाडी न्यूट्रलमध्ये असू द्या आणि रेल बाहेर ओढताना भोकावर फडकं धरा. गोळी उडून पेटीत पडली तर तेल काढून ती शोधावीच लागते. नव्या स्प्रिंगा बसवून कव्हर चढवताना दोन्ही फोर्क आपापल्या खाचांत बसलेत याची खात्री करा.

चौथी जागा बहुतेकांना ठाऊक नसते. तुमच्या गाडीत टी-९० च्या मागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) असेल, तर गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट तिच्यात शिरतो आणि त्याच्या टोकाला एक गिअर खाचांच्या नटने आवळलेला असतो, कॉटर पिन घालून. हा नट सैल झाला की मेन शाफ्ट पुढेमागे सरकतो आणि दुसरा सुटतो. तपासायला पेटी उतरवायची गरज नाही. ट्रान्सफर केसच्या मागे पीटीओसाठी, म्हणजे इंजिनवर बाहेरची यंत्रं चालवायच्या जोडणीसाठी, ठेवलेलं गोल झाकण असतं. तेल थोडं काढा, झाकण काढा, नट समोर दिसतो. कॉटर पिन तुटलेली किंवा नटाखाली फट दिसली तर दोष सापडला. नट आवळा, नवी कॉटर पिन घाला, जुनी सरळ करून वापरू नका.

हे चारही ठीक निघाले तरच पेटी खोला, कारण मग झिजलेले डॉग टीथ (गिअरला जागेवर अडकवणारे छोटे दात), फोर्क किंवा पुढचं बेअरिंग यांचीच शक्यता उरते. डॉग टीथच्या कडा गोल झाल्या असतील तर त्या ग्राइंडरने टोकदार करून घेऊ नका. वरचं कडक पाणी (टणक थर) निघून जातं आणि दात महिनाभरही टिकत नाहीत. तो गिअर आणि त्याची हब जोडीने बदला.

घरात १९५१ चा शेव्हर्लेट ३१०० पिकअप आहे. गिअरबॉक्सचं तेल दर दीड-दोन महिन्यांनी कमी होतं, पण खाली फरशीवर थेंब नाही. मागच्या एका चाकाचा ब्रेक मात्र लागत नाही. दोन्हींचा संबंध असेल का? – चरई, ठाणे

थेट संबंध आहे, आणि ब्रेकमुळे हे पत्र आम्हाला सर्वांत तातडीचं वाटतं. गाडी उभी करून ठेवा.

त्या काळच्या अर्ध्या टनाच्या शेव्हर्लेटला आजच्यासारखा उघडा प्रोपेलर शाफ्ट नसतो. तो एका जाड नळीत, टॉर्क ट्यूबमध्ये, बंद असतो. गिअरबॉक्सच्या मागचा युनिव्हर्सल जॉइंट एका गोल घुमटात बसतो आणि त्याला वंगण गिअरबॉक्सच्याच तेलाचं मिळतं. हे तेल तिथेच अडावं म्हणून नळीच्या पुढच्या तोंडाशी बुश आणि सील असतं. ते झिजलं की तेल नळीतून मागे वाहत डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीत, जमा होतं. बाहेर थेंब पडणार कुठून? डिफरन्शिअलची पातळी चढते, तेल अॅक्सलमधून चाकाकडे जातं, तिथलं सील ओलांडतं आणि ब्रेक शू भिजतात.

खात्री करून घ्या. सपाट जागेवर डिफरन्शिअलचा भरणीचा प्लग सावकाश सैल करा, खाली तसराळं ठेवा. पातळी योग्य असेल तर तेल भोकाच्या खालच्या कडेला लागून असतं. प्लग काढताच धार लागली तर निदान पक्कं.

दुरुस्तीत मागचा अॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांपासून सोडवून टॉर्क ट्यूबसकट मागे घ्यावा लागतो. जड काम आहे, दोन माणसं आणि चांगले स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर हे करू नये. बुश आणि सील दोन्ही एकत्र बदला. बुश सैल असेल तर शाफ्ट डुलतो आणि नवं सील काही आठवड्यांत खातो. घुमटाचे पातळ पॅकिंगही नवे घाला. ते जास्त जाड झाले तर घुमट गळतो, फार पातळ झाले तर आवळून बसतो. मागची दोन्ही अॅक्सल सील आणि भिजलेले ब्रेक शू बदला. शू पेट्रोलने धुऊन परत लावायची पद्धत दिसते. लायनिंगमध्ये मुरलेलं तेल ड्रम तापला की पुन्हा वर येतं. डिफरन्शिअलचं तेल पूर्ण काढून नवं भरा.

सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउसच्या जुन्या दुकानांत आधी विचारा, मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. सील नावाने मिळालं नाही तर आतलं, बाहेरचं माप आणि जाडी घेऊन जा. मापावर सील मिळतं. जनरल मोटर्सची जुळणी शिवडीत १९२८ पासून १९५४ पर्यंत चालली, त्यामुळे या गाडीचे भाग मुंबईच्या जुन्या बाजारात अजून निघतात.

पावसाळाभर पिकअप शेडमध्ये उभा होता. आता इंजिन सुरू होतं, पण कुठलाच गिअर पडत नाही. इंजिन बंद असताना सगळे पडतात. – वाशी

इंजिन बंद असताना सगळे पडतात, म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष आहे. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. खाडीकाठच्या दमट हवेत चार महिने उभ्या गाडीला हे सर्रास होतं.

आधी पेडल आणि सीटच्या चौकटीमध्ये लाकडी दांडा अडकवून क्लच रात्रभर दाबून ठेवा. सकाळी इंजिन नीट गरम करून पुन्हा प्रयत्न करा. नाही सुटला, तर मोकळं, सपाट मैदान लागेल आणि ब्रेक उत्तम हवेत. इंजिन बंद, दुसरा गिअर, क्लच तळापर्यंत दाबलेला, स्टार्टर मारा. गाडी चालू लागेल. क्लच दाबूनच ठेवा आणि अॅक्सिलरेटर झटक्याने देत-सोडत राहा. बहुतेक वेळा पाच-सहा झटक्यांत ‘टप्प’ होऊन प्लेट सुटते. दहा-बारा झटक्यांनी सुटली नाही तर थांबा; पुढे लायनिंग रिव्हेटमधून उखडतं. मग पेटी मागे घेऊन फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट बारीक पॉलिश पेपरने साफ करणं हाच मार्ग. सुटल्यावर हाफ क्लचवर थोडं चालवा, उरलेला गंज घासून निघतो.

पुढच्या वर्षी जूनच्या आधी तोच दांडा पेडलवर लावून ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा काढून पेडल वीसेक वेळा मारा.

फार्गो पिकअप, गिअरची दांडी स्टिअरिंगला. पहिल्यातून दुसऱ्यात घेताना मध्येच अडकते, मग दोन्ही बाजूंना हलत नाही. – कळवा

स्टिअरिंगखालच्या दोन लिव्हरपैकी एक पहिल्या-रिव्हर्सची, दुसरी दुसऱ्या-टॉपची. झिजलेल्या बुशमुळे दांडी एकीला पूर्ण न्यूट्रलमध्ये सोडण्याआधी दुसरीला पकडते आणि आतला इंटरलॉक, म्हणजे एका वेळी दोन गिअर पडू न देणारा खटका, दोघींना अडवतो. रस्त्यात अडकल्यावर ओढाताण करू नका. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, कॉलमच्या खालच्या टोकाशी दोन्ही लिव्हर हाताने एका रेषेत आणा, अडकलेलं सुटतं. कायमचा उपाय म्हणजे दोन्ही सळयांचे बुश नवे करणं, आणि मग गिअरबॉक्सवरच्या दोन्ही लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून सळयांची लांबी अशी जुळवणं की वरच्या लिव्हरच्या खाचा समोरासमोर येतील. बुश न बदलता केलेलं अॅडजस्टमेंट दोन आठवडे टिकतं.

गिअरबॉक्सचं तेल दुधाळ निघालं. आता ईपी ९० भरायचं की १४०? दुकानदार जीएल-५ सर्वांत चांगलं म्हणतो. – ऐरोली

दुधाळ म्हणजे पाणी गेलंय. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की तापलेली पेटी एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर (पेटीचं हवा जायचं भोक) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर सीलमधूनच ओढलं जातं, म्हणून तो आधी साफ करा.

तेल काढताना भरणीचा प्लग आधी उघडा. खालचा उघडून पेटी रिकामी केली आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. गरम तेल पूर्ण निथळू द्या, स्वस्तातलं साधं ९० भरून शंभरेक किलोमीटर चालवा, तेही काढा, मग कायमचं भरा. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, त्याहून वर नाही. जादा तेल पुढच्या शाफ्टवरून क्लचमध्ये उतरतं.

९० आणि १४० हे आकडे तेलाचा दाटपणा सांगतात, जीएलचा आकडा त्याची प्रत. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या जुन्या पेटीत जीएल-४ प्रतीचं ९० वापरा. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसाची मात्रा मोठी असते. ते हायपॉइड डिफरन्शिअलसाठी योग्य आहे, पण पितळेला ते खाऊ शकतं, शिवाय रिंगला लागणारं घर्षणही कमी करतं. १४० ने झिजलेल्या पेटीचा आवाज दबतो, पण सकाळी गिअर जड पडतात. निघालेलं तेल पांढऱ्या फडक्यावर बघाच. सोनेरी चमक म्हणजे पितळ, रिंग झिजतेय. हाताला टोचणारे पोलादाचे पापुद्रे निघाले तर मात्र पेटी खोला.

आवाजावरून बेअरिंग ओळखता येतं का? – घोडबंदर रोड

बऱ्यापैकी. न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबताच बंद: पुढच्या शाफ्टचं बेअरिंग किंवा काउंटर शाफ्ट (पेटीतला खालचा जोडशाफ्ट). क्लचवर पाय टेकवताच सुरू: रिलीज बेअरिंग. गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून उभं असताना किंचाळल्यासारखा: पायलट बुश. टॉपमध्ये शांत आणि बाकी सगळ्यांत आवाज: काउंटर शाफ्टचे नीडल बेअरिंग, कारण टॉपमध्ये ताकद सरळ पार जाते, काउंटर शाफ्टवर भार येत नाही. एकाच गिअरमध्ये: त्या जोडीचे दात. गाडी ओढून नेतानाही येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि डिफरन्शिअल बघा.

पिकअप ५० वर्षांहून जुना आहे. पाच गिअरची आधुनिक पेटी बसवून व्हिंटेज नोंदणी मिळेल का? – खारघर

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते, ती मूळ रूपात असेल तर. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००, मुदत १० वर्षं, आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

गिअरबॉक्सचं नाव त्या यादीत नाही. पण लांब पेटी बसवायला क्रॉसमेंबर कापून मागे वेल्ड करावा लागतो, आणि तिथे तुम्ही चासीला हात लावता. आमचं मत स्पष्ट आहे: जुनी पेटी दुरुस्त करा. बदलायचीच असेल तर नट-बोल्टने बसणारा वेगळा ब्रॅकेट करून घ्या, चासीत एकही नवं भोक पाडू नका, आणि मूळ पेटी तेल भरून, तोंडं बंद करून, कोरड्या जागी जपून ठेवा.